रक्तदान शिबिराची प्रसिद्धी: प्रेस नोट आणि व्हॉट्सॲपची सांगड कशी घालावी

जनसंपर्काच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे पहिले खरे काम बहुधा आपल्याच कॉलेजच्या कार्यक्रमाचे असते. घाईघाईत एक मजकूर तयार होतो. तोच प्रेस नोट म्हणून वृत्तपत्रांना जातो, तोच व्हॉट्सॲपवर फिरतो आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टखालीही तोच चिकटवला जातो. परिणाम तिन्हीकडे शून्य. वृत्तपत्र आणि सोशल मीडिया यांची कामे वेगळी आहेत. ‘पेपरात आलंय’ म्हटले की घरचे निर्धास्त होतात, प्राचार्य परवानग्या देतात, दुसरी वृत्तपत्रे विचारणा करतात. पण बातमी वाचून लगेच नाव नोंदवणारा विरळा. नोंदणी, शंका, आठवण हे सगळे मोबाइलवर घडते. तेव्हा एकाचा माल दुसऱ्याकडे कसा पोचवायचा, एवढेच खरे शिकायचे आहे.

उदाहरणादाखल जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातले शिबिर घेऊ: शनिवार, २५ एप्रिल २०२६, सकाळी ९ ते दुपारी २, रक्तपेढीच्या ६ खाटा.

आधी खाटा मोजा

तपासणी, रक्तदान आणि खाट पुन्हा तयार करणे धरले तर एका खाटेवर तासाला ३ ते ४ जण होतात. ६ खाटा, ५ तास, म्हणजे ९० ते १२० दाते. हाच प्रसिद्धीचा आकडा. रील गाजली आणि ११ वाजता ३०० जण दारात उभे राहिले, तर रांगेतून परत गेलेला मुलगा पुढच्या वर्षी येत नाही आणि त्याची स्टोरी मात्र त्याच दिवशी सगळीकडे जाते. म्हणून नोंदणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा देऊन करा. हिमोग्लोबिन कमी निघाल्याने किंवा औषधे चालू असल्याने काही जण बाद होतातच. त्यामुळे क्षमतेपेक्षा थोडी जास्त नावे घेतली तरी चालते.

एक पान, सगळ्यांसाठी

बारा दिवस आधी माहितीचे एक पान तयार करा आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचे, स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर. ४५ किलोला ३५० मिलिलिटर, ५५ किलोच्या वर ४५० मिलिलिटर घेता येते. पुढे प्रेस नोट, पोस्टर, रील, रेडिओ असे जे काही होईल, त्यातला प्रत्येक आकडा याच पानावरून उचलायचा. पोस्टरवर ४५ किलो आणि रीलमध्ये ५० किलो असे एकदा झाले की कमेंटमधले भांडण दोन दिवस मिटत नाही.

याच पानावर बातमीचा धागाही सापडतो. साध्या सीपीडीए-१ (रक्त गोठू न देणारे नेहमीचे द्रावण) पिशवीतल्या लाल पेशी ३५ दिवस टिकतात. म्हणजे २५ एप्रिलला दिलेले रक्त ३० मेपर्यंत वापरता येते. आणि मे महिना हाच टंचाईचा, कारण कॉलेजे बंद, शिबिरे बंद, दाते गावाला. रक्तपेढी वेगळे द्रावण असलेली पिशवी वापरत असेल तर मुदत ४२ दिवस होते. कोणती वापरतात ते विचारूनच आकडा लिहा. बरीच शिबिरे १४ जून आणि १ ऑक्टोबर या दिनविशेषांना होतात आणि बातमीदाराच्या टेबलावर एकाच दिवशी वीस सारख्या प्रेस नोट पडतात. एप्रिलअखेरच्या शिबिराला निदान स्वतःचे कारण आहे.

प्रेस नोट

पाच दिवस आधी पाठवा. मजकूर २०० ते २५० शब्द, पहिला परिच्छेद ४० शब्दांच्या आसपास, सहा ककार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसे) त्यात किंवा फार तर दुसऱ्या परिच्छेदात. नेहमीची सुरुवात अशी असते:

‘रक्तदान हेच श्रेष्ठ दान या उक्तीनुसार सामाजिक बांधिलकी जपत महाविद्यालयाच्या वतीने मा. प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले असून...’

इथपर्यंत एकही बातमी नाही. उपसंपादक ‘भव्य’, ‘मा.’ आणि उक्ती कापणार. मग उरते काय? त्याऐवजी:

‘उन्हाळी सुटीत महाविद्यालयांतील शिबिरे थांबल्याने रक्तपेढ्यांचा साठा घटतो. ही तूट भरून काढण्यासाठी शनिवारी (ता. २५) सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत महाविद्यालयाच्या सभागृहात रक्तदान शिबिर होणार आहे. येथे संकलित झालेल्या लाल पेशी ३० मेपर्यंत रुग्णांसाठी वापरता येतील.’

दुसऱ्या परिच्छेदात कोण रक्त देऊ शकते, तिसऱ्यात डॉक्टरांचे नाव-पदासह एक वाक्य (त्यांनी खरोखर म्हटलेले), शेवटी नोंदणीचा क्रमांक. पाहुण्यांची नामावली दोन नावांत संपवा. बारा नावे दिली तर जागेअभावी नेमके वेळ आणि ठिकाण कापले जाते.

नोट बाद होण्याची कारणे बहुतेक वेळा तांत्रिक असतात. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला तर समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हे उमटतात, युनिकोडच वापरा. लेटरहेडचा फोटो किंवा पीडीएफ पाठवली तर कोणाला तरी सगळे पुन्हा टाइप करावे लागते, आणि ते कोणी करत नाही. मजकूर ई-मेलच्या मुख्य भागात चिकटवा, फोटो वेगळा जोडा. व्हॉट्सॲपवर फोटो द्यायचा झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईला निरुपयोगी होतो. फोटोची ओळ ‘डावीकडून’ अशी सुरू करून नावे द्या.

सगळ्या दैनिकांना एकाच ई-मेलमध्ये, सर्वांचे पत्ते दिसतील असे पाठवू नका. सकाळ, लोकमत, पुढारी असोत की शहरातले छोटे दैनिक, शिक्षण किंवा आरोग्य कोण पाहते ते फोन करून विचारा आणि त्या व्यक्तीला स्वतंत्र ई-मेल करा. फोन दुपारी करावा. संध्याकाळी पाने लागत असताना ‘आमची नोट मिळाली का’ हा प्रश्न कोणालाच आवडत नाही. शहरातल्या कार्यक्रमांचे सदर वेगळे असते, त्यासाठी दोन ओळींचा मजकूर दोन दिवस आधी निराळा द्या. विद्यार्थी हे हमखास विसरतात.

आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रासाठी किंवा कम्युनिटी रेडिओसाठी ३० सेकंदांचा मजकूर म्हणजे सुमारे ६० शब्द. फोन क्रमांक दोनदा, सुट्या अंकांत. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. ‘आयोजित करण्यात आलेल्या’वर जीभ अडखळली की ‘होणार आहे’ करा.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम

व्हॉट्सॲपच्या संदेशात ‘उद्या’, ‘येत्या शनिवारी’ असे शब्द नकोत. संदेश कधी, कोणाकडे पोचेल हे आपल्या हाती नसते. वार, तारीख आणि वर्ष लिहा. रक्ताची तातडीची गरज सांगणारे तारीख नसलेले संदेश वर्षानुवर्षे फिरत राहतात ते यामुळेच. सहा ओळी पुरेत, आणि पोस्टरसोबत तोच तपशील मजकुरातही द्या, कारण नंतर शोधताना चित्रातली अक्षरे सापडतीलच असे नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केलेला नाही, त्यांच्यापर्यंत तो संदेश जातच नाही. म्हणून वर्गप्रतिनिधींची साखळी लावा: एका वर्गाला एक जण, आपल्याच शब्दांत.

संपर्कासाठी वेगळे सिम घ्या. छापील बातमीत गेलेला क्रमांक परत घेता येत नाही, आणि एखाद्या विद्यार्थिनीचा खासगी क्रमांक तिथे गेला तर त्रास तिला होतो. नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, वय, वजन, वेळ आणि फोन एवढेच विचारा. आजारांची माहिती डॉक्टर समोरासमोर घेतात. पोस्टरवरचा क्यूआर कोड ठरवताना अंतराचा एक दशांश हा अंदाज धरा: एक मीटरवरून स्कॅन करायचा तर १० सेंटिमीटर.

इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकून काम होत नाही. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरवर द्या. सुई टोचल्याचा जवळून घेतलेला फोटो टाळा, ज्यांना धीर द्यायचा तेच घाबरतात. त्याऐवजी स्टोरीत विचारा: ‘रक्तदानाची भीती कशाची वाटते?’

इथेच दोन माध्यमे खऱ्या अर्थाने जुळतात. आलेल्या उत्तरांची वर्गवारी करा. समजा बहुतेकांनी ‘परीक्षेआधी अशक्तपणा येईल का’ असे विचारले, तर तोच प्रश्न डॉक्टरांना विचारून ३० सेकंदांची रील करा आणि तेच उत्तर आरोग्य पाहणाऱ्या बातमीदाराला दुसरी बातमी म्हणून द्या. पहिल्या नोटेपेक्षा हिला जास्त जागा मिळण्याची शक्यता असते, कारण तिच्यात वाचकाचा प्रश्न आहे. उलट दिशेने, बातमी छापून आली की दैनिकाचे नाव घेऊन तिची लिंक स्टोरीवर द्या. ई-पेपरची अख्खी पीडीएफ मात्र ग्रुपवर फिरवू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे आणि ज्यांच्याकडून पुढची बातमी हवी, त्यांचेच ते नुकसान आहे.

एक कमेंट ठरलेली: ‘फुकट घेतात आणि पुढे विकतात.’ ती खोडू नका, दोन तासांत उत्तर द्या. भारतात रक्त विकत घेण्यावर बंदी आहे. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. रुग्णाकडून घेतले जाते ते पिशवी, चाचण्या आणि साठवण यांचे सेवाशुल्क. हे उत्तर आधीच लिहून माहितीच्या पानावर ठेवले तर रात्री अकराला कोणाला विचारत बसावे लागत नाही.

तारीख चुकीची छापली गेली तर कार्यालयात फोन करून शांतपणे दुरुस्ती मागा. पण ती छापून येईस्तोवर एक दिवस जातो. तोवर योग्य तारीख स्वतःच्या सगळ्या ठिकाणी वर चिकटवून ठेवा.

शिबिराच्या दिवशी आणि नंतर

पहिला फोटो साडेनऊला, दात्याची परवानगी घेऊन. दुपारी स्टोरीवर ‘आता रांग नाही, या’ असे टाकता येते. वृत्तपत्राला जमत नाही ते हेच. दोनला संकलन थांबले की रक्तपेढीकडून पिशव्यांचा आकडा लेखी घ्या आणि पाचच्या आत १५० शब्दांची नोट व एक फोटो पाठवा. नोंदणी किती, बाद किती, रक्तदान किती हे तिन्ही आकडे द्या. ‘शेकडो जणांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ लिहिले की बातमीदार आकडा विचारतोच.

नोंदणीच्या टेबलावर ‘शिबिर कुठे कळले?’ हा प्रश्न आणि पाच चौकटी ठेवा: वर्गमित्र, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, वृत्तपत्र, पोस्टर. प्रकल्प अहवालात हा तक्ता द्या. बातमीची जागा सेंटिमीटरमध्ये मोजून जाहिरातीच्या दराने गुणण्याची पद्धत अजून काही ठिकाणी शिकवतात; जनसंपर्काचे मोजमाप कसे करावे हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी ती स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. दोन कॉलम जागा आणि शून्य दाते, असेही होऊ शकते.

ज्यांनी ‘पुन्हा कळवा’वर खूण केली, त्यांच्या दोन याद्या करा. पुरुष दात्यांना २४ जुलैनंतर आणि स्त्रियांना २३ ऑगस्टनंतर संदेश जाईल अशी आठवण आजच कॅलेंडरमध्ये टाका, आणि सिम पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्याकडे सुपूर्द करा.