फॉइलला चिरा पाडा, वायफाय आरपार जाईल

कोथरूडला माझ्याकडे बारावीची मुलं फिजिक्स शिकायला येतात. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या बघून आली की हमखास विचारतात, "मॅडम, नुसती तारांची जाळी? लहरी निसटत नाहीत?" नाही निसटत. तिथल्या सगळ्यात आखूड लहरी साधारण २१ सेंटीमीटरच्या, जाळीची घरं त्यापुढे चिमुकली. लहर आरपार न्यायची तर पत्रा किती कापला ते गौण. चीर किती लांब ते बघायचं.

बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या, तोंड २० सेंटीमीटरच्या आसपास. आत मोबाइल ठेवून त्याचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा. झाकणाऐवजी स्वयंपाकघरातली फॉइल. दोन-तीन मीटरवर दुसरा अँड्रॉइड मोबाइल, त्यात सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दाखवणारं कुठलंही फुकट ॲप. उणे ५० चं उणे ६० झालं, की शक्ती दहाव्या हिश्श्यावर आली.

आधी अखंड फॉइल लावून आकडा घ्या. खरी मेख कडेला आहे. डबा आणि फॉइल यांत राहिलेली केसाएवढी फटसुद्धा लांबलचक चीरच असते, आणि सिग्नल तिथूनच पळतो. म्हणून कडेचा रंग पॉलिश पेपरने खरवडा, फॉइल चार बोटं खाली दुमडा, वरून सुतळीचे घट्ट वेढे द्या. मोबाइल तापतो, फार वेळ कोंडू नका.

मग नवी फॉइल लावून पेन्सिलीने चाळीस भोकं पाडा. आकडा फारसा हलणार नाही.

आता तिसरी फॉइल पातळ पुठ्ठ्यावर चिकटवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, तिच्या निम्म्याने सव्वासहा. पुठ्ठ्यामुळे थोडं आखूड, म्हणून ५८ मिलिमीटर धरा. स्टीलच्या पट्टीला लावून कटरने २ मिलिमीटर रुंद चिरा कापा: दोन ओळी, ओळीत सहा. फक्त फॉइल काढायची, पुठ्ठा राहू द्या. कापलेलं क्षेत्रफळ भोकांपेक्षा जरा कमीच, तरी आकडा चांगलाच वर येतो.

बाहेरचा मोबाइल आडवा-उभा फिरवून बघा, आकडा बदलेल: उभ्या चिरेतून आडवं विद्युतक्षेत्र जातं. आडवं-उभं दोन्ही क्षेत्रं जायला हवी असतील तर चिरांऐवजी अधिकचिन्हं कापा.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराच्या जाळीवर मात्र हे प्रयोग अजिबात नकोत.