एसी आणि हीट पंपला ड्रायर बसवताना: जागा, दिशा आणि क्रम

एसीची गॅस सिस्टीम उघडली की ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा धरणारा फिल्टर) बदलायचा, एवढं बहुतेक मेकॅनिकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पुढे: कोणता ड्रायर, कुठे बसवायचा आणि कधी उघडायचा.

आधी त्याचं काम समजून घ्या. आत ओलावा धरणारा मॉलिक्युलर सीव्ह असतो, काही ड्रायरमध्ये ॲसिड शोषणारा ॲल्युमिनाही असतो, शिवाय कचरा अडवणारी जाळी. आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसच्या बऱ्याच मशिनांत पीओई हे कृत्रिम तेल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाण्याशी क्रिया होऊन ॲसिड तयार होतं. तेलात मुरलेलं पाणी व्हॅक्यूम पंपाने सहजासहजी निघत नाही, ते ड्रायर पकडतो. नळीतली हवा आणि सुटा ओलावा काढणं मात्र पंपाचंच काम. लहान ड्रायरमध्ये पाणी मावतं ते थेंबांत मोजण्याइतकंच, त्यामुळे ‘ड्रायर टाकलाय, व्हॅक्यूम दहा मिनिटं पुरे’ हा हिशेब जुळत नाही. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात तर नाहीच.

खरेदी करताना नंबर वाचा. ०८३ म्हणजे ८ घनइंच गाभा आणि तीन सुती लाइन (एक सूत म्हणजे १/८ इंच), ०५२ म्हणजे ५ घनइंच आणि दोन सुती, १६४ म्हणजे १६ घनइंच आणि चार सुती. लेबलवर तुमचा गॅस लिहिलेला आहे का आणि कमाल दाब मशिनच्या पाटीवरच्या हाय साइड (जास्त दाबाच्या बाजूच्या) दाबापेक्षा कमी तर नाही ना, हेही पाहा. आर-२२ च्या काळातला पडून राहिलेला ड्रायर आर-४१०ए ला चढवू नका.

जागा

फक्त कूलिंगच्या मशिनला ड्रायर कंडेन्सरनंतर (जिथे गॅसचं लिक्विड होतं) आणि एक्स्पान्शनच्या (जिथे दाब पाडला जातो) आधी, बाण एक्स्पान्शनकडे. इथे एक सापळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्प्लिट एसींत कॅपिलरी (दाब पाडणारी अतिबारीक नळी) किंवा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो. म्हणजे इनडोअरकडे जाणाऱ्या बारीक नळीत शुद्ध लिक्विड नसतं, दाब पडलेलं लिक्विड आणि वाफ यांचं मिश्रण असतं. तिथे बाहेर, भिंतीलगत ड्रायर टाकला की तो दुसऱ्या कॅपिलरीसारखा अडथळा होतो आणि ओलावाही धड धरत नाही. त्याची जागा आउटडोअरच्या आत, कॅपिलरीच्या आधी. कित्येक इन्व्हर्टर मशिनांत कंपनीने फक्त स्ट्रेनर (नुसती जाळी) दिलेला असतो. तिथे मॅन्युअल पाहिल्याशिवाय ड्रायर घुसडू नका.

हीट पंपात, म्हणजे उष्णताही देणाऱ्या मशिनात, रिव्हर्सिंग (दिशा उलटवणाऱ्या) व्हॉल्व्हमुळे लिक्विड लाइनमधला प्रवाह उलटतो. साध्या ड्रायरमधून गॅस उलटा गेला की धरलेला कचरा पुन्हा सिस्टीममध्ये सुटतो आणि कॅपिलरी चोक होते. त्यामुळे दोन तोंडी बाण असलेला बाय-फ्लो ड्रायरच घ्या. त्याच्या आतले चेक व्हॉल्व्ह प्रवाह कुठूनही आला तरी गाभ्यातून एकाच दिशेने नेतात. इनडोअर आणि आउटडोअर दोन्हीकडे स्वतंत्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतील, तर दोघांमधली सामायिक लाइन दोन्ही मोडमध्ये लिक्विडची असते, ड्रायर तिथेच.

निफाडच्या थंडीसाठी घेतलेला हॉट अँड कोल्ड एसी हीट पंप आहे हे लगेच लक्षात येतं. हॉटेलच्या गच्चीवरचा पाणी तापवणारा हीट पंप फसवतो. ‘हा तर कायम तापवतोच’ म्हणून एकतर्फी ड्रायर लावला जातो, पण डीफ्रॉस्टच्या (कॉइलवरचा बर्फ वितळवण्याच्या) वेळी त्याचाही प्रवाह उलटू शकतो. रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह दिसला की बाय-फ्लो.

बसवण्याचा क्रम

गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढा आणि नळीतून नायट्रोजन फिरवा. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे थोडाही गॅस आत असताना टॉर्च लावू नका.

जुना ड्रायर टॉर्चने तापवून कधीच सोडवू नका. तापला की त्याने धरलेलं पाणी परत नळीत जातं. करवतही नको, चुरा आत पडतो. ट्यूब कटरने दोन्ही बाजूंनी कापा आणि आतली कड साफ करताना नळीचं तोंड खाली धरा.

नव्या ड्रायरच्या टोप्या आता काढायच्या नाहीत. बाकीचे सांधे, व्हॉल्व्ह, इनडोअरचं काम सगळं आधी उरका. ड्रायर शेवटी उघडा आणि काही मिनिटांत बसवून लाइन बंद करा. टोपी निघालेला ड्रायर चहा होईपर्यंत बाकावर पडला असेल तर तो वाया गेला असं समजा.

ब्रेझिंग करताना आतून मिनिटाला १ ते २ लिटर नायट्रोजन वाहू द्या, ओल्या बोटाला जेमतेम जाणवेल इतकाच. नाहीतर आत काळी खपली धरते आणि तीच नव्या ड्रायरची जाळी भरते. ड्रायरच्या अंगावर ओलं फडकं गुंडाळा, ज्योत अंगापासून उलट्या दिशेला धरा. ड्रायरचं तोंड तांब्याचं असेल तर फॉस्फरसचा रॉड चालतो. स्टीलचं असेल तर फॉस्फरसने सांधा ठिसूळ होतो आणि कंपनाने तडकतो, तिथे सिल्व्हर रॉड आणि फ्लक्स. फ्लेअरचा असेल तर दोन पान्यांनी धरा, तीन सुती नटाला ३४ ते ४२ न्यूटन-मीटर टॉर्क. शेवटी क्लॅम्पने आधार द्या.

लिकेज टेस्ट नायट्रोजननेच करा, ऑक्सिजनने कधीही नाही. तेलाशी त्याचा स्फोट होतो. आर-४१०ए आणि आर-३२ ला साधारण ४५० पीएसआय, पण पाटीवरची मर्यादा ओलांडू नका.

मग व्हॅक्यूम. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे साध्या गेजचा काटा इथे २८ इंचांच्या आसपासच थांबतो. तो ३० वर जात नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका, आणि काट्यावर विसंबूनही राहू नका, तो ओलावा दाखवत नाही. मायक्रॉन गेज (अगदी खोल व्हॅक्यूम मोजणारं) लावा, ५०० च्या खाली उतरवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा वाढून मध्येच स्थिरावला तर ओलावा आहे: नायट्रोजन भरून व्हॅक्यूम तोडा, पुन्हा ओढा. थांबायचं नावच घेत नसेल तर लिकेज शोधा.

गॅस वजन करून भरा. मूळपेक्षा मोठा ड्रायर लावला असेल तर त्यात मावणारं जास्तीचं लिक्विड हिशेबात धरा.

मशीन पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर ड्रायरच्या दोन्ही टोकांचं तापमान मोजा. ते जवळपास सारखंच यायला हवं. लिक्विड बाहेर पडतं ते टोक एक-दोन डिग्रीने गार लागलं किंवा त्याला घाम फुटला तर ड्रायर भरत आलाय.

कॉम्प्रेसर जळला असेल तर

लिक्विड लाइनचा ड्रायर बदलून भागत नाही. सक्शनला (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या नळीला) ॲसिड धरणारा बर्नआउट ड्रायर लागतो. हीट पंपात तो रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरच्या मधल्या नळीवरच बसवा. तिथे प्रवाहाची दिशा कधी बदलत नाही, व्हॉल्व्हच्या पलीकडे मात्र मोडनुसार उलटते. दोन्ही बाजूंना दाब मोजायची सोय असलेला घ्या. दोन-तीन दिवसांनी तेलाची ॲसिड टेस्ट करा. ॲसिड आलं तर दोन्ही ड्रायर पुन्हा बदला. टेस्ट स्वच्छ आली की सक्शनचा ड्रायर काढून तिथे नळीचा सरळ तुकडा जोडा, कारण भरलेला ड्रायर सक्शनचा दाब पाडतो आणि नवा कॉम्प्रेसर तापायला लागतो.