रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा कसा जातो, हे नाशिकच्या कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोडवरच्या कर सल्लागारांच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शिवाय दर महिन्याला ७ तारखेला टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) आहेच. काम कमी करणं हातात नसतं, पण काही सवयी त्याचा ताण विनाकारण वाढवतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी झोपेला कात्री लावणं. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाच्या हालचाली आणि प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंदावतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. अशा डोक्यानं रात्री दोनला जुळवलेलं २बी (खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटचा तक्ता) सकाळी पुन्हा जुळवावं लागतं. कधी चलनच चुकीच्या महिन्याचं निघतं आणि मग ते निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. त्यात रात्री अकराचा कडक चहा! पोटात गेलेलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे घरी जाऊन आडवं झालं तरी झोप कच्चीच लागते. संध्याकाळनंतर चहा नकोच. आकडे जुळवायचं काम सकाळी घ्या. उशिरा थांबावंच लागलं तर स्कॅनिंग, फाइल लावणं एवढंच करा.

मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका. २०२५ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि शेवटी आणखी एकच दिवस मिळाला. मधला दीड महिना ज्यांनी सैल सोडला, त्यांच्या वाट्याला गणपती होताच तीच घाई आली. सरकारी तारीख पुढे गेली तरी ऑफिसची तारीख हलवू नये.

सातपूर-अंबडचा कारखानदार किंवा पिंपळगावचा व्यापारी २८ तारखेला पिशवीभर बिलं घेऊन येतो आणि आपण ‘बघू, करून टाकू’ म्हणतो. हे तीन शब्द फार महाग पडतात. अमुक तारखेनंतर आलेले कागद रांगेत शेवटी लागतील, असं महिनाभर आधीच प्रत्येक पार्टीला व्हॉट्सॲपवर कळवा, आणि मग ते पाळा. नाहीतर तुमच्या भिडेचा भार आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणाऱ्या पोरांवर पडतो. ‘सर, हे आज होणार नाही’ असं म्हणायची मुभा त्यांना असलीच पाहिजे.

उशीर झालाच, तर घाबरण्याआधी हिशेब मांडा. ३बी एक दिवस चुकलं, तर विलंब शुल्क ५० रुपये. वर लाखभर कर थकला असेल, तर १८ टक्क्यांनी दिवसाचं व्याज साधारण ४९ रुपये. उशीर वाईटच, पण एवढ्यासाठी छातीत धडधड नको.

जेवण टेबलावर फाइल बाजूला सारून नव्हे, उठून करा. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक जवळ असेल तर तिथं वीस मिनिटं चाला, फोन ऑफिसात ठेवून.

तारीख उलटून दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल, लहानसहान गोष्टींवरून रडू किंवा संताप येत असेल, तर ‘सीझनचा थकवा’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.