सी ड्राइव्ह फॉरमॅट करण्याआधी

कॉम्प्युटर फारच रेंगाळत असेल तर सी ड्राइव्ह फॉरमॅट करून, म्हणजे पूर्ण पुसून, विंडोज नव्याने टाकणं चांगलंच. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही फोल्डरं सहसा सीमध्येच असतात, आणि सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, पोरांचे दाखले नेमके तिथंच पडलेले असतात. ते डीवर नव्हे, बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. चुकून भलतंच पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भलताच भाग, पुसलं, तर डीही जाईल. मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असतात, तेही घ्या. नाहीतर जुने अर्ज उघडल्यावर नुसती विचित्र अक्षरं दिसतील. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा.

विंडोजसाठी किमान 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. सेटअपमध्ये सी, डी अशी नावं दिसत नाहीत, फक्त पार्टिशनचे नंबर आणि आकार दिसतात. म्हणून सी किती जीबीचा आहे हे आधीच लिहून ठेवा आणि तेवढ्याच पार्टिशनला हात लावा. इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

नंतर वायफाय दिसलं नाही तर मोबाईल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) सुरू करा, बहुतेक वेळा नेट मिळतं आणि ड्रायव्हर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवणारे प्रोग्राम, उतरवता येतात.

आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच बसा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टळल्यावरच सुरुवात करा.