घरी ओतलेल्या गोळ्या आणि रिव्हॉल्व्हरचं रिलोडिंग: प्रेस घेण्याआधी हे वाचा

रिलोडिंग म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी (केस) घेऊन तिच्यात नवा प्राइमर (ठिणगी देणारी बुडाची टोपी), दारू म्हणजे बंदुकीची पावडर, आणि गोळी बसवून परत काडतूस करणं. आधीच सांगतो, हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीला गावी गेल्यावर मामाच्या मळ्यात करून बघू वगैरे डोक्यातसुद्धा आणू नका. इकडे स्वतःच्या वापरापुरती भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची म्हटलं की लागतं, राज्याचे नियम आपापले बघून घ्या. आणि दारूची मापं मी देणार नाहीये. ती पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायची, मित्राने सांगितलेली नाही, यूट्यूबवरची तर नाहीच नाही.

नवीन माणूस सगळा वेळ कुठला प्रेस (काडतुसं भरायचं हातयंत्र) घेऊ यात घालवतो. प्रेसने सहसा कोणाचं वाकडं होत नाही हो, वाकडं होतं ते शिशाच्या धुळीने आणि न बघता बंद केलेल्या केसने.

शिसं ३२७ डिग्री सेल्सियसला वितळतं. लोक घाबरतात वाफेला, पण ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ तशी फार कमी होते, खरा त्रास देते ती वर जमणारी राखाडी मळी. ती चमच्याने काढून कुठेतरी उघड्या डब्यात टाकली की सुकून तिची पावडर होते, मग ती हाताला, हातातून चहाच्या कपाला, कपातून पोटात. म्हणून मळीला झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि ओतताना खाणंपिणं, तंबाखू, सिगरेट काहीही नाही, दाराशी ठेवलेला चहासुद्धा नाही. काम मोकळ्या हवेत करा, गॅरेजचं दार अर्धवट उघडून बसणं म्हणजे मोकळी हवा नव्हे. गॅरेज झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कपडे वेगळे धुवायचे, बूट बाहेरच काढायचे, आणि हात गार पाण्याने आणि शिसं काढण्यासाठी मिळतो त्या खास साबणाने धुवायचे, साध्या साबणाने ते पूर्ण जात नाही.

आता पाणी. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब खाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि अख्खं भांडं अंगावर उडतं. इथले जुने ओतणारे याला गमतीने टिन्सल फेअरी येऊन गेली म्हणतात, पण चेहऱ्यावर आली तर गंमत राहत नाही. जुनं भंगार शिसं दिसायला कोरडं असतं पण फटीत ओल असते, त्यामुळे ते गरम भांड्यात टाकायचंच नाही, थंड भांड्यात घालून मग तापवायला लावायचं. पूर्ण चेहऱ्याची शील्ड, चामड्याचे हातमोजे, सुती फुल बाह्यांचा शर्ट, बंद बूट. नायलॉन अंगावर नको, चिकटतं. टायरच्या जुन्या वजनांमध्ये हल्ली जस्ताची बरीच असतात, जस्त ४१९ डिग्रीला वितळतं म्हणून तापमान ४०० च्या आत ठेवलं की ती वर तरंगतात, उचलून टाका. गाडीच्या बॅटरीचं शिसं मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका, त्यातून विषारी वायू निघू शकतात.

रिकाम्या केस कोरड्या टम्बलरमध्ये (हलवून घासणारं यंत्र) साफ करता ना, ती धूळसुद्धा शिशाचीच, प्राइमरमधून येते. झाकण घराबाहेर उघडा.

आता भरण्याकडे. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची केस १८९८ च्या सुमारास काळ्या दारूच्या काळातली, पोटाने मोठी. आजच्या झटपट जळणाऱ्या दारूचं माप त्यात तळाशी दिसेल न दिसेल इतकंच असतं, म्हणजे चुकून दुप्पट पडलं तरी केसमध्ये आरामात मावतं, भरून वाहत नाही म्हणून सहज लक्षात येत नाही, आणि दुप्पट मापाने सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरणारं चाक) फुटू शकतं. .३८ ची दाबाची साधी मर्यादा १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, तिच्याहून जोरदार .३५७ मॅग्नमची ३५,०००, यातला फरकच बघा. म्हणून केस ब्लॉकमध्ये (भोकांचा ठोकळा) ओळीने उभ्या करा, सगळ्यांत दारू टाकून झाल्यावर टॉर्च मारून एकेक केसमध्ये डोकवा, पातळी वेगळी वाटली की ओतून परत वजन करा. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. बोलत बोलत, फोन कानाला लावून भरणं बंद. मध्येच कोणी हाक मारली तर ती अर्धी केस रिकामी करून पहिल्यापासून.

दारूच पडली नाही तर काय होतं? नुसता प्राइमर गोळीला ढकलतो आणि ती नळीत अडकते. आवाज बारका, धक्का नाही, कधी सिलिंडर फिरेनासं होतं. तिथेच थांबायचं. पुढचा बार मारलात तर नळी फुगते किंवा फाटते. नळी सुरक्षित दिशेला धरा, थोडा वेळ थांबा, रिव्हॉल्व्हरमधली काडतुसं काढा, आणि गोळी काढणं जमत नसेल तर गनस्मिथकडे न्या.

रिव्हॉल्व्हरची अजून एक खोड, धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडकतं. पाच मारून सहावं काढून मापा, लांबी वाढली असेल तर क्रिंप (केसचं तोंड गोळीवर दाबून आवळणं) कमी पडतंय.

दारू मूळ डब्यातच ठेवा, लेबलवाल्या. घरात २० पौंडांपर्यंत, आणि प्राइमर तिच्यापासून लांब.

वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या, डॉक्टर स्वतःहून लिहून देत नाहीत, सांगावं लागतं की मी शिसं ओततो. लहान मुलांसाठी इथे २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर लक्ष द्यायला सांगतात. घरात बाळ असेल किंवा बायको गरोदर असेल तर आपल्याबरोबर त्यांचीसुद्धा तपासणी करून घ्या, आणि तोवर भांडं बंदच ठेवा, गोळ्या विकत मिळतात.