केव्हीएम लाइव्ह मायग्रेशन: 'बीआर०' सापडत नाही, नो सच डिव्हाइस
केव्हीएम (लिनक्सचं व्हर्च्युअलायझेशन) वापरून चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) बंद न करता दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना 'बीआर०'चा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) मिळत नाही, नो सच डिव्हाइस असा एरर यायचा. फायरवॉल बंद करून पाहिली, लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट केलं, काही उपयोग नाही, डोकं पार उठलं. कारण साधं निघालं, एका होस्टवर ब्रिजचं (व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचचं) नाव 'बीआर०' आणि दुसरीकडे 'ब्रिज०', आणि तिथे नाव बदललं तर चालू व्हीएमचं नेटवर्क तुटतं.

म्हणून ब्रिजला हात न लावता दोन्ही होस्टवर 'लॅन' याच नावाचं लिबव्हर्ट नेटवर्क केलं, त्याच्या एक्सएमएलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) फॉरवर्ड मोड 'ब्रिज' आणि खाली त्या त्या होस्टच्या ब्रिजचं नाव. मग व्हर्शमधून (लिबव्हर्टच्या कमांड-लाइन टूलमधून) नेट-डिफाइन, नेट-स्टार्ट, नेट-ऑटोस्टार्ट. त्यानंतर व्हर्श एडिटने व्हीएमच्या इंटरफेसचा टाइप 'ब्रिज'चा 'नेटवर्क' केला, सोर्सला 'लॅन' दिलं. आता व्हीएम पूर्ण शटडाउन करून परत स्टार्ट करा, आतून रीबूट केलेलं चालत नाही. मग मायग्रेशन सरळ होतं.