श्रेडरचं बेअरिंग बदलताना या चुका टाळा

द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी सुरू झाली की निफाड, दिंडोरीकडून फोन येतात आणि तक्रार दर वर्षी तीच असते : "छाटलेल्या काड्यांचा चुरा करणाऱ्या श्रेडरचं बेअरिंग गेलं, नवीन टाकलं, तेही गेलं." दोष दुकानदाराला दिला जातो. मी खोललेल्या मशीनांत मुळात खराब बेअरिंग क्वचितच निघालं. बसवणाऱ्याची घाई मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी दिसली.

सगळ्यात महागात पडते ती शाफ्ट न मोजण्याची चूक. एका बागायतदार दादांनी पुलीकडचं २०८ नंबरचं बेअरिंग एकाच हंगामात तीनदा बदललं होतं. मी पोहोचलो तेव्हा काड्यांचे ढीग बांधावर तसेच होते आणि मजूर झाडाखाली बसून होते. ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचं घर, ओढला, तर इनर रेसच्या (बेअरिंगच्या आतल्या कड्याच्या) आतून विटकरी रंगाची बारीक भुकटी हातावर पडली. ही भुकटी दिसली की शाफ्ट रेसच्या आत घसरून फिरतोय, हे नक्की. नंबरचे शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे बोअर (आतलं भोक) ४० मिलिमीटर. मायक्रोमीटर लावला, शाफ्ट भरला ३९.८८. पहिल्या वेळी बेअरिंग शाफ्टवर पकडून ठेवणारे ग्रब स्क्रू अर्धवट आवळले गेले होते, तिथून झीज लागली, आणि पुढची दोन्ही बेअरिंगं त्याच झिजलेल्या जागेवर चढवली गेली.

"भाऊ, पत्र्याची पट्टी घालून आजचा दिवस काढून द्या," दादा म्हणाले. मी नाही म्हटलं. पट्टी घातली की रेस तिरकी बसते, आणि पात्यांचा तो जड रोटर मिनिटाला हजारावर फेरे घेतो. वेल्डिंगचा भरावही मी करत नाही, शाफ्ट वाकायची किंवा तडकायची भीती असते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून नवीन शाफ्ट करून आणला. दोन दिवस गेले, पण पुढचा हंगाम त्याच बेअरिंगवर निघाला.

दुसरी चूक हातोड्याची, आणि ती बघून मला खरोखर त्रास होतो. शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग आउटरवर (बाहेरच्या कड्यावर) ठोकून चढवलं की सगळा मार गोळ्यांमधून रेसवर जातो. प्रत्येक गोळीखाली बारीक खड्डा पडतो, तोही सारख्या अंतरावर. असं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. शाफ्टवर चढवताना जोर फक्त इनरवर द्यायचा, घरात बसवताना आउटरवर. इनरच्या तोंडाएवढा पाइपाचा तुकडा माझ्या पेटीत कायम असतो. फारच घट्ट असेल तर उघडं बेअरिंग तेलात शंभर अंशांच्या आसपास तापवतो. १२० च्या वर कधीच नेत नाही, गॅसची ज्योत तर मुळीच लावत नाही. सीलबंद बेअरिंग तेलात घालू नका.

बेअरिंगच गेलंय, हे आधी ठरवा. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा जोड) सोडलेला, रोटर पूर्ण थांबलेला. मग पट्टा काढून रोटर हाताने फिरवा. वाळू भरल्यासारखं खरखरलं, किंवा लाकडी दांड्याने शाफ्ट उचलल्यावर खाली-वर हलला, तर बेअरिंग गेलं. नाही तर आवाज बहुधा पात्यांचा आहे.

बोथट पात्यांमुळे पट्टा घसरतो, माणूस पट्टा आणखी ताणतो, आणि पुलीकडचं बेअरिंग त्या ताणाने मरतं. आधी पात्यांना धार लावा.

पाती बदलताना समोरासमोरची जोडी वजन करून, सारख्या वजनाची बसवा.

ग्रीस भराभरा मारू नका, जास्त झालं की सील फुटतं आणि बेअरिंग तापतं.

वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा रोटरला लावू नका, करंट गोळ्यांतून जातो आणि रेसवर डाग पडतात.

नवीन बसवल्यावर मशीन दहा मिनिटं रिकामं चालवा. थांबवून दोन्ही ब्लॉक हाताने चाचपा. एक कोमट आणि दुसरा हात टिकणार नाही इतका गरम असेल, तर बोल्ट ढिले करून ब्लॉक पुन्हा सरळ रेषेत आणा. पहिल्या तासाच्या कामानंतर ग्रब स्क्रू परत आवळा.